मफलर, पिकअप आणि सहा हजार पौंड

मफलर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डिसेंबरातली सकाळ येते. सारसबागेत फिरायला निघालेले आजोबा, डोक्याला कानटोपी आणि गळ्याभोवती दोन वेढे दिलेला चौकड्यांचा मफलर. अमेरिकेत गाडीखालच्या त्या धुराच्या डब्यालाही मफलरच म्हणतात. आपण इंग्रजांकडून शिकलो म्हणून सायलेन्सर म्हणतो, एवढाच फरक. खरं तर अमेरिकन शब्द जास्त प्रामाणिक आहे. तो डबा आवाज बंद करत नाही, नुसता गुंडाळून ठेवतो.

तर मंडळी, ह्या वीकेंडचा विषय आहे हा डबा काढून दुसरा बसवणाऱ्यांचा इतिहास. तोही बुलेटवाल्यांचा नाही (त्यांच्याबद्दल पुण्यात राहणाऱ्याला नव्याने काय सांगणार!), तर अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवाल्यांचा. आपल्याकडे पिकअप म्हणजे पहाटे मार्केटयार्डात भाजी उतरवणारी गाडी. तिकडे ती घरची गाडी असते. ऑफिसला तीच, वाण्याकडे तीच, लग्नाला तीच. आणि ती घेतल्यावर पुष्कळजण पहिलं काम करतात ते म्हणजे एक्झॉस्ट बदलणं. कारण विचारलं तर दोन सांगतात: आवाज आणि पॉवर. ह्या दोन कारणांची गाठ कशी बसली आणि ती सोडवताना सरकारची कशी दमछाक झाली, ही गोष्ट मला फार मजेशीर वाटते. आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने तर ती वाचायलाच हवी असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

सुरुवात होते इंडियाना राज्यातल्या कोलंबस नावाच्या छोट्या गावात. तिथे मिल्टन रीव्हज नावाचा एक हरहुन्नरी माणूस होता. भाऊ मार्शल आणि तो मिळून पट्टे आणि पुलीचा कारखाना चालवायचे. लाकडाच्या गिरणीतल्या करवतीचा वेग कमी-जास्त करता यावा म्हणून त्याने पट्ट्यावर चालणारा एक ड्राइव्ह बनवला होता. (तुमच्या-माझ्या ऍक्टिव्हात जो व्हेरिएटर असतो तो ह्याच तत्त्वावर चालतो.) १८९६ मध्ये त्याने तो ड्राइव्ह लावून एक मोटारगाडी बनवली. गाडी चालली, पण आवाज असा की रस्त्यावरचे घोडे बिथरायचे. तेव्हा रस्ता घोड्यांचाच होता, त्यामुळे त्यांच्या मताला किंमत होती. १८९७ मध्ये दोघा भावांनी इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं.

म्हणजे बघा, मफलर जन्माला आला तो गाडीवाल्याच्या सोयीसाठी नाही. तो आला रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणासाठी. हा मुद्दा लक्षात ठेवा.

ह्याच सुमाराला दुसरा एक माणूस आवाजाच्या मागे लागला होता. हायरम पर्सी मॅक्झिम, एमआयटीतून शिकलेला इंजिनिअर, हार्टफर्ड गावात मोटारी बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्याच्या वडिलांनी मॅक्झिम मशीनगनचा शोध लावला होता आणि त्या आवाजापायी ते स्वतः जवळजवळ बहिरे झाले होते. मुलाने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळवलं, आणि पुढे त्याच्या कंपनीने तेच तंत्र इंजिनांसाठी वापरलं. बापाने आवाज काढला, मुलाने तो दाबला. एखाद्या पटकथाकाराने असं लिहिलं असतं तर आपण नाकं मुरडली असती :)

आता पॉवरचं काय? सुरुवातीचे मफलर म्हणजे डब्यात एकामागे एक भोकांच्या पत्र्याच्या भिंती. जळलेला वायू त्यातून वाट काढत जायचा आणि तो बाहेर ढकलण्यात इंजिनाची थोडी ताकद खर्ची पडायची. ह्याला म्हणतात बॅकप्रेशर. म्हणून त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना 'कटआउट' असायचा. एक झडप, तिला पायाशी दांडी किंवा वायर. चढ आला की दांडी दाबायची, धूर मफलरला वळसा घालून थेट बाहेर. चढ संपला की बंद. कल्पना उत्तम. फक्त माणसाचा स्वभाव हिशेबात धरला नव्हता. लोक सपाट रस्त्यावर, भर गावात, मैत्रिणीच्या घरासमोर दांडी दाबायला लागले. मग एकेका शहराने कटआउटवर बंदी घालायला सुरुवात केली. आवाज म्हणजे ताकद, हे समीकरण मात्र डोक्यात पक्कं बसलं ते बसलंच.

१९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टीच्या मागे लोखंडी हौदा बसवून ती कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. पिकअप म्हणून कारखान्यातून तयार होऊन आलेली फोर्डची ही पहिली गाडी. १९३२ मध्ये फोर्डनेच सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं, ६५ हॉर्सपॉवरचं. अमेरिकन माणूस ज्या आवाजावर जीव टाकतो तो आवाज ह्या व्ही-८ घराण्याचा.

इथे थोडं तंत्र सांगतो, कंटाळू नका. चार-स्ट्रोक व्ही-८ इंजिनात दर फेऱ्याला चार सिलिंडर पेटतात. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला २०० स्फोट. एकूण आठ सिलिंडर अगदी ठराविक अंतराने पेटतात, पण डावीकडचे चार आणि उजवीकडचे चार वेगवेगळे ऐकले तर त्यांचा ताल सरळ नसतो. एका बाजूला दोन ठोके पाठोपाठ, मग मध्ये जागा, मग पुन्हा एखादा. दोन्ही बाजूंना स्वतंत्र पाईप काढला की हा लंगडा ताल उघडा पडतो आणि ती ओळखीची गडगड ऐकू येते. दोन्ही पाईप मध्ये जोडले की ताल पुष्कळसा सरळ होतो आणि गडगड मवाळ होते.

आता पॉवर. झडप उघडल्यावर दाबाची एक लाट पाईपमधून धावत जाते. पाईप जिथे मोकळा होतो तिथून ती उलटी होऊन परत येते, ह्या वेळी दाब नव्हे तर ओढ घेऊन. ही ओढ झडप बंद व्हायच्या आत पोचली तर उरलासुरला धूर शोषून घेते आणि ताज्या मिश्रणाला जागा होते. म्हणजे नीट मापलेला पाईप इंजिनाला मदतच करतो. पण पाईपची लांबी एकदा कापली की हा योग एका ठराविक वेगालाच जुळून येतो. आणि पाईप उगाच जाड केला तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांना मिळणारा जोर घटतो. पिकअपला तर जोर कमी फेऱ्यांनाच हवा असतो, ओझं ओढायला. म्हणून रेसच्या गाडीचा पाईप बघून तसाच पिकअपला बसवणारा माणूस पुष्कळदा पैसे देऊन जोर विकत असतो. आवाज मात्र हमखास वाढतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्या सोलून पळवणाऱ्या पोरांची पिढी आली. त्यांचा आवडता मफलर म्हणजे ग्लासपॅक. भिंती नाहीत, वळणं नाहीत. सरळ भोकांची नळी, तिच्याभोवती काचतंतूचा कापूस ठासलेला आणि वरून पत्रा. आजोबांच्या मफलरच्या सर्वांत जवळचा प्रकार हाच! धूर सरळ जातो, आवाजातला कर्कश भाग कापसात मुरतो, खर्ज तेवढा बाहेर येतो. १९६८ मध्ये 'चेरी बॉम्ब' नावाचा लालभडक ग्लासपॅक बाजारात आला. चेरी बॉम्ब म्हणजे तिकडचा सुतळी बॉम्ब. नावातच जाहिरात. पिकअपखाली लाल डबा दिसला की समजून घ्यायचं.

इथवर ही गंमत होती. १९७० च्या क्लीन एअर ऍक्टनंतर एक्झॉस्टच्या पाईपात कायदा शिरला.

यूजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने अमेरिकेत १९५० च्या दशकात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर काम केलं होतं. मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली जाळी, तिच्यातून धूर गेला की विषारी वायूंचं रूपांतर कमी त्रासदायक वायूंत होतं. अडचण एकच, पेट्रोलमधलं शिसं त्या जाळीवर बसून तिला मारून टाकायचं. नवे नियम आले तेव्हा १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकन मोटारींना कन्व्हर्टर लागला आणि पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आलं. (आपल्याकडे नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आला १९९५ मध्ये, आधी मुंबईसह चार महानगरांत. देशभरातून शिसं गेलं २००० मध्ये.)

आता खरी गोष्ट. कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं, शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या कामाच्या ट्रकवर एवढा बोजा नको. म्हणून एक रेघ ओढली: गाडी आणि तिचं जास्तीत जास्त ओझं मिळून वजन ६००० पौंडांपर्यंत (म्हणजे साधारण २७०० किलो) असेल तरच कडक नियम. त्यावरच्या गाड्यांना सूट. आपल्या भाषेत सांगायचं तर, इफ वजन ६००० पर्यंत तर कन्व्हर्टर लाव, एल्स मजा कर.

ज्याने एकदा तरी प्रॉडक्शनमध्ये कोड टाकलाय त्याला पुढे काय होणार ते दिसलं असेल. १९७५ मध्ये फोर्डने एफ-१०० आणि एफ-२५० ह्यांच्या मधोमध एक नवीन ट्रक आणला. भारक्षमता किंचित वाढवलेली, एकूण वजन ६००० च्या जेमतेम वर. कन्व्हर्टर नको, शिसेवालं स्वस्त पेट्रोल चालेल. त्या ट्रकचं नाव एफ-१५०. होय, तोच. १९७७ पासून फोर्डची एफ-सिरीज अमेरिकेत सर्वाधिक खपाचा पिकअप आहे, आणि तिच्यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव मुळात एका इफच्या एल्समधून जन्मलंय. शेवरलेने पण लगेच 'बिग १०' काढून तोच मार्ग धरला.

सगळ्यांत वरताण केली डॉजने. १९७८ मध्ये त्यांनी 'लिल रेड एक्सप्रेस' नावाचा लाल पिकअप काढला. सोनेरी अक्षरं, लाकडी पट्ट्या, पोलिसांच्या गाड्यांच्या धर्तीवरचं ३६० घनइंची व्ही-८, कन्व्हर्टरचा पत्ता नाही, आणि केबिनच्या मागे दोन बाजूंना दोन उभी क्रोमची धुराडी, मोठ्या ट्रेलरला असतात तशी. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने १९७७ च्या शेवटी त्याच्या एका नमुना गाडीची चाचणी घेतली. शून्य ते ताशी १०० मैल वेग गाठण्यात त्या वेळच्या सगळ्या अमेरिकन गाड्यांत हा ट्रक पहिला आला. कॉर्व्हेटसुद्धा मागे! मोटारींचे गळे कायद्याने आवळलेले आणि हा सामान वाहायचा ट्रक सगळ्यांच्या पुढे. मात्र पहिल्या वर्षी तो कॅलिफोर्नियात विकता आला नाही. १९७९ मध्ये सरकारने रेघ ६००० वरून ८५०० पौंडांवर नेली आणि लिल रेडलाही कन्व्हर्टर बसला.

ह्यात डॉजचं किंवा फोर्डचं चुकलं का? माझ्या मते नाही. त्यांनी स्पेक वाचला आणि स्पेकप्रमाणे वस्तू बनवली. चुकलं ते रेघ ओढणाऱ्यांचं. मोजायचा होता धूर, मोजलं वजन. मग धूर कमी व्हायच्या ऐवजी वजन वाढलं.

ह्याच्या उलट एक उदाहरण सांगतो. कॅलिफोर्नियातच मातीच्या ट्रॅकवर छोट्या रेसगाड्या पळतात. आजूबाजूला वस्ती वाढली, आवाजाच्या तक्रारी आल्या, ट्रॅक बंद पडायची वेळ आली. तिथे नियम आला तो आवाजाचा. अमुक अंतरावर अमुक डेसिबल, त्यावर गेलात तर घरी. गाडीचं वजन किती, मालक कोण, मफलर कुठल्या पद्धतीचा, काही विचारलं नाही. नुसता माइक लावला. रे फ्लगर नावाच्या माणसाने ह्या लोकांसाठी वेगळाच मफलर बनवला आणि १९८३ मध्ये फ्लोमास्टर कंपनी काढली. त्याच्या डब्यात कापूस नाही, मोजक्या तिरक्या भिंती आहेत. त्यांवरून आवाजाच्या लाटा अशा उलटतात की एकमेकींना बऱ्याच प्रमाणात मारून टाकतात, धुराला मात्र फारसा अडथळा होत नाही. कटआउटच्या काळापासून जी दोन टोकं वाटत होती, शांतता किंवा ताकद, ती नियम योग्य जागी बसल्यावर जवळ आली. पुढे हेच मफलर हजारो पिकअपखाली गेले. तिथे मात्र लोकांनी ते घेतले त्यांच्या खास घुमणाऱ्या आवाजासाठी! असो.

मी काही महिने ऑनसाईटला होतो ते ह्याच कोलंबस गावी. पुणेकरांना हे गाव अनोळखी नाही. कमिन्सचं मुख्यालय तिथे, आणि १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाल्यापासून ह्या गावाचं आणि पुण्याचं येणंजाणं आहे. आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर एकजण पिकअपवाला होता. पहाटे साडेपाचला कामाला निघायचा आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या. त्याने कॅटबॅक बसवला होता, म्हणजे कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्यामागचा सगळा पाईप आणि मफलर बदललेला. एका रविवारी मी विचारलं, पॉवर किती वाढली? म्हणाला, "पुष्कळ. थांब, ऐक." आणि इंजिन सुरू केलं.

पॉवर किती वाढली ह्याचं उत्तर त्याने कानाने दिलं. एखाद्या तीन-चारशे हॉर्सपॉवरच्या पिकअपला कॅटबॅकने वाढून वाढून पाच-दहा हॉर्सपॉवर मिळतात, आणि तेवढा फरक पाठीला जाणवत नाही. पण दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. माणसाकडे ताकद मोजायचं इंद्रिय नाही, आवाज मोजायचं आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच ट्रक जोरकस वाटत होता.

त्याच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून पहाटे झोपणारी. तिने एकदा दारावर चिठ्ठी लावली. त्यानंतर तो पिकअप पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्त्याजवळ उभा करायला लागला. थंडीत शंभरेक पावलं चालत जायचा. पाईप तोच, आवाज तोच, पण ऐकणारीची झोप वाचली. मला वाटतं रीव्हज बंधूंना हा माणूस आवडला असता.

सगळेच असे नसतात. डिझेल पिकअपची गोष्ट तर आवाजाच्या पुष्कळ पुढे गेली. १९८९ मध्ये डॉज रॅममध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल आलं आणि ओझं ओढणाऱ्यांना नवा देव सापडला. २००७ नंतर डिझेलच्या धुरातली काजळी धरायला फिल्टर आले, २०१० नंतर नायट्रोजनचे वायू कमी करायला युरियाची फवारणी. मग 'डिलीट' नावाचा धंदा सुरू झाला. फिल्टर कापायचा, सरळ पाईप घालायचा. पण १९९६ पासून तिकडे प्रत्येक मोटारीत आणि हलक्या ट्रकमध्ये धुरावर नजर ठेवणारा संगणक असतो, आणि नव्या डिझेल ट्रकांचा संगणक तर फिल्टर गायब झाला की बोंब मारतो. म्हणून पाईपबरोबर नवं सॉफ्टवेअरही विकलं जायचं, संगणकाला गप्प करणारं. म्हणजे आता सायलेन्सर इंजिनाला नाही, तर साक्षीदाराला लागला! २०२० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अंदाज दिला की आधीच्या साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरची यंत्रणा अशी काढली गेली. त्यातून निघालेला नायट्रोजन ऑक्साइडचा जादा धूर म्हणजे रस्त्यावर नियमातले आणखी नव्वद लाख ट्रक आल्यासारखं.

आणि हे फक्त गल्लीतल्या गॅरेजवाल्यांबद्दल नाही. डिसेंबर २०२३ मध्ये खुद्द कमिन्सने १.६७५ अब्ज डॉलर दंड भरायचं मान्य केलं. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत धूर-नियंत्रणाला बगल देणारं सॉफ्टवेअर होतं, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने गुन्हा कबूल केला नाही, कुणी वाईट हेतूने वागल्याचा पुरावा दिसला नाही असं म्हटलं. पण क्लीन एअर ऍक्टखालचा तो तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. ज्या गावातून जगाला मफलरचं एक पहिलंवहिलं पेटंट मिळालं, त्याच गावचं हे नाव.

इथे आपल्या धंद्याचा संबंध येतो. १८९७ मध्ये एक्झॉस्ट म्हणजे पत्रा होता, आज त्यातला मोठा हिस्सा कोड आहे. कुठला वायू कधी सोडायचा, झडप कधी उघडायची, इतकंच काय, आवाज कसा यायचा हेही. २०१५ च्या सुमारास बातम्या आल्या की एफ-१५० च्या टर्बो मॉडेलमध्ये इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, कारण छोटं इंजिन जास्त ताकद देऊनही गप्प असतं आणि गिऱ्हाइकाला ते पटत नाही. २०२२ मध्ये तर डॉजने एका विजेच्या मोटारीला 'एक्झॉस्ट' बसवून दाखवला. धूर नाहीच, नुसता १२६ डेसिबलचा आवाज. सव्वाशे वर्षं एकत्र बांधलेली आवाज आणि पॉवरची गाठ शेवटी सुटली, आणि कळलं की लोकांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या हव्या होत्या.

त्यात मला काही वावगं वाटत नाही. व्ही-८ चा खर्ज मलाही आवडतो, रविवारी दुपारी, लांबून. पण उद्या आपल्यापैकी कुणीतरी असा नियम लिहिणार आहे, किंवा तो कोडमध्ये उतरवणार आहे. तेव्हा आधी विचारावं की ह्यात ऐकणारा कोण आहे, आणि त्याच्या कानापाशी माइक लावलाय की गाडीखाली वजनकाटा? आपल्याकडेही पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात, फोटो छान येतात. पण त्या फोटोंत डेसिबल मोजायचं यंत्र क्वचितच दिसतं.

असो. फार झालं. आता चहा टाकतो.